सोबतीला आलेली माणसं

मला पहिला झटका आला तो केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला. पिपेटमध्ये तोंडानं द्रव वर ओढायचा आणि खुणेपाशी आला की वरचं टोक बोटानं दाबून धरायचं, एवढंच काम होतं. ते मी दीड वर्ष बिनबोभाट करत आले होते. त्या दिवशी द्रव खुणेपर्यंत आला आणि माझी छाती एकाएकी अशी धडधडायला लागली की शेजारच्या मुलीला ते ऐकू जात असणार असं मला वाटलं. घसा आवळला. बोटांना मुंग्या आल्या. आपण आता मरणार, एवढं एकच मला अगदी स्पष्ट कळत होतं. कुणी अंगावर आलं नव्हतं, काही फुटलं नव्हतं, सर फळ्यावर निरीक्षणांचा तक्ता आखत होते. मी पिपेट टेबलावर टाकली आणि दाराकडे धावले.

मुलींच्या खोलीत बाकावर निजवून दोघीतिघींनी मला जर्नलनं वारा घातला. थोड्या वेळानं सगळं ओसरलं. मेले तर नव्हतेच, उलट भूक लागली होती. मैत्रिणी म्हणाल्या, प्रयोगशाळेतल्या वायूनं झालं असेल, तो कुजक्या अंड्याचा वास कुणालाही चढेल. मलाही ते पटलं. मग चारपाच दिवसांनी भिंगारच्या बसमध्ये तेच झालं, आणि तिथे ना वायू होता ना अंडं.

मी तेव्हा नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं घर अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला, भातखाचरांच्या गावात. तिथून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं म्हणून भिंगारला मावशीकडे राहत होते. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, छावणीतल्या भांडारात कारकून. दोघांना मूलबाळ नव्हतं. माझ्या गावात माझ्याआधी एकही मुलगी कॉलेजात गेलेली नव्हती, त्यामुळे मी पास होते की नापास याच्याकडे माझ्या घरापेक्षा गावाचंच जास्त लक्ष होतं.

तो युद्धाचा हिवाळा होता. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, लष्कराच्या गाड्यांची रांग रस्त्यावरून संपता संपत नसे, भोंगा वाजला की मावशी चुलीवर पाणी ओतून मोकळी व्हायची. त्यामुळे माझ्या दुखण्याला कारण शोधायची तसदी कुणालाच घ्यावी लागली नाही. "भोंग्याची धास्ती घेतलीय पोरीनं," काका म्हणाले. युद्ध संपलं, काळे कागद निघाले, भोंगा गप्प झाला. माझी धडधड मात्र होती तिथेच राहिली.

भिंगारच्या बाजारातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, डोळे ओढून पाहिले आणि म्हणाले, "काही नाही. हृदय ठणठणीत आहे." मग एक कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि लाल टॉनिकची बाटली. पुन्हा गेले तेव्हा पुन्हा "काही नाही", पुन्हा इंजेक्शन. त्यांचा दोष नव्हता, त्यांना खरंच काही दिसत नव्हतं. पण त्या "काही नाही"ची मला झटक्यापेक्षा जास्त भीती वाटायला लागली. काहीतरी असतं तर त्याला औषध असतं. काहीच नसताना मी दर दोन दिवसांनी मरत होते, त्याचा अर्थ एकच निघत होता, आणि तो शब्द मी मनातसुद्धा पुरता उच्चारत नव्हते. आमच्या गावात एका बाईबद्दल तो शब्द वापरायचे. तिला गोठ्यात बांधून ठेवलेलं मी लहानपणी पाहिलं होतं.

कॉलेजात सांगावं तर कुणाला? वर्षाच्या सुरुवातीला आमची तपासणी व्हायची. उंची, वजन, दात, डोळे. त्यापलीकडे विद्यार्थ्याला काही अवयव असतो असं कुणी धरलेलं नव्हतं. एका बाईंकडे मी धीर करून गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "परीक्षेची भीती सगळ्यांनाच असते गं. सकाळी उठून सूर्यनमस्कार घालत जा." मी घातले. सहाव्या नमस्काराला छाती धडधडली आणि मी अंगणात मांडी घालून बसले ती उठेचना.

मावशीनं मात्र एका शब्दानं विचारलं नाही. तिनं मीठमोहऱ्या आणि मिरच्या उतरून चुलीत टाकल्या, आणि मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून दृष्ट जबरदस्त आहे असा निकाल दिला. मावशी म्हणजे कडक बाई. अंगानं किरकोळ, पण जीभ अशी की भाजीवाली तिला पाहून आधीच भाव उतरवायची. आणि तरी तिच्या काही तऱ्हा अशा होत्या की मी तिची यथेच्छ टिंगल करायचे. लग्नाकार्याला गेली तर मांडवाच्या तोंडाशी बसायची, आत कुणी कितीही बोलावलं तरी. पिशवीत कायम एक कांदा ठेवायची आणि मधूनच हुंगायची. अमावस्येला तर घराबाहेर पाऊलच टाकायची नाही. त्या दिवशी दळण नाही, बाजार नाही, शेजारणीकडे वाटीभर साखर मागायलासुद्धा नाही. "मावशी, अमावस्येला चंद्राला सुट्टी असते तशी तुलाही असते का गं?" असं मी म्हणायचे. ती म्हणायची, "लई शानी झालीस कालिजात जाऊन." आणि कांदा हुंगायची.

पौषात वडील आले.  माझे गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं झालं होतं. स्वयंपाकघरात त्यांचं आणि मावशीचं बोलणं चाललं होतं ते मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होते. वडील म्हणत होते, "पोरगी खंगत चाललीया. शिक्षान न्हाई झेपत तर न्हाई. प्र्याक्टिकल का काय ते दिऊ द्या. न्हाई जमलं तर घरी न्हेतो, अन् औंदाच हात पिवळं करतो. लगीन झालं की समदं जाग्यावर येतं." मावशी काय बोलली ते ऐकू आलं नाही. भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज तेवढा आला.

वडील वाईट नव्हते. त्यांना माहीत असलेलं एकच औषध ते मला देऊ करत होते. पण मी हादरले. मार्चात प्रॅक्टिकलची परीक्षा, आणि मला तर प्रयोगशाळेच्या दाराशी गेलं की पाय मागे घ्यावेसे वाटत होते. ती परीक्षा चुकली की वर्ष गेलं, वर्ष गेलं की कॉलेज गेलं, आणि मग कुठल्यातरी घरात मी डोक्यावर पदर घेऊन भाकरी थापत मरायची वाट बघत बसणार, दर दोन दिवसांनी, कुणाला न सांगता. आता घाई करायला हवी होती, आणि घाई करून जायचं कुठे ते माहीत नव्हतं.

शेवटी मी मानसशास्त्राच्या सरांना गाठलं. मी विज्ञानाची, ते कलाशाखेचे, पण विषयाचं नाव मानसशास्त्र म्हटल्यावर माझी मोठीच आशा होती. सरांनी मला खुर्ची दिली, मी बोलत गेले आणि ते हळूहळू कावरेबावरे होत गेले. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "हे बघ, मी हा विषय शिकवतो. बरं करत नाही. मी शिकवतो ते बहुतेक उंदरांचं आहे." मला रडू आणि हसू एकदमच आलं. मग त्यांनीच आवाज खाली आणून सांगितलं की पुण्याहून एक मनाचे डॉक्टर महिन्यातून एकदा, तिसऱ्या रविवारी, नगरला येतात. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत एका दवाखान्याच्या माडीवर बसतात. आदल्या दिवशी कंपाउंडरकडे नंबर लावायचा. "आणि बरोबर घरातलं मोठं माणूस ने. एकटी जाऊ नकोस," असंही म्हणाले. सर इतकं नेमकं सगळं कसं काय जाणतात असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी मैत्रिणीला बरोबर घेऊन नंबर लावून आले. घरी सांगताना "मनाचे डॉक्टर" म्हणायचा धीर झाला नाही, "डोक्याचे" म्हणाले. काका म्हणाले, "बघू या की दाखवून." मावशी तिळाच्या वड्या डब्यात भरत होती. ती काही बोलली नाही, म्हणून मी समजले की झालं. त्या दिवशी मला कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवण गेलं.

रविवारी सकाळी न्हाऊन, पातळ नेसून मी तयार झाले, तर मावशी उंबऱ्यात बसलेली.

"आज जायाचं न्हाई," ती म्हणाली.

"का?"

"आज आवस हाय."

मला आधी कळेचना. "मग?"

"मग काय मग? आवसंला डोस्क्याच्या डाक्टरकडं न्हिऊ व्हय तुला? माझ्या बहिणीला कोनतं त्वांड दावू?"

"मावशी, तो डॉक्टर आहे. पंचांग बघून येत नाही तो."

"त्यो नसंल बघत. मी बघती."

काका वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, पोरीनं नंबर लावलाय..." मावशीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काका परत वर्तमानपत्रात शिरले.

मी आरडाओरडा केला. अडाणी म्हणाले, मागासलेली म्हणाले, तुझ्या हट्टापायी माझं वाटोळं होणार आहे म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं, पण ती उंबऱ्यातून हलली नाही. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. "फुडच्या म्हैन्याला मी सोता न्हेते तुला," एवढंच म्हणाली. ती अडवून बसली म्हणून मी थांबले असं मी पुढे मैत्रिणीला सांगितलं, पण ते निम्मंच खरं होतं. मागच्या दारानं मला जाता आलं असतं. पण एकटीनं बसमध्ये बसायचं, आणि नेमका तिथेच झटका आला तर? ज्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जायचं त्याच दुखण्यानं मला डॉक्टरपर्यंत जाऊ दिलं नाही. मी आत जाऊन पांघरूण घेऊन पडले. संध्याकाळी पुण्याच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी मनाशी म्हटलं, गेला तो डॉक्टर.

पुढचा महिना मी कसा काढला ते आठवलं तरी अजून हात गार पडतात. आधी बसनं जाणं सुटलं. मी मैत्रिणीच्या सोबतीनं चालत जाऊ लागले. मग वर्गात मधल्या बाकावर बसणं सुटलं, दाराजवळचा बाक धरला. मग प्रॅक्टिकल चुकवू लागले. सर म्हणाले, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देता येणार नाही. मग त्या भीतीनं प्रयोगशाळेत जायचे, काचेच्या नळीत रंग बदलताना बघायचे आणि मनात एकच चाललेलं, आता येईल, आता येईल. झटका यायचा तो पाचदहा मिनिटांचा, पण त्याची वाट बघणं दिवसभराचं होतं. घरामागे विहीर होती. तिच्या बाजूनं जायचं मी सोडून दिलं. उडी मारावीशी वाटत होती म्हणून नव्हे. वाटलं तर काय, या भीतीनं. हे कुणाला सांगता येत नव्हतं, कारण सांगितलं की ते खरं धरलं गेलं असतं. मावशीनं मला एकदा लांबचा वळसा घेऊन येताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून विहिरीचं पाणी तीच शेंदून आणू लागली, आणि मला म्हणाली, "तू अब्यास कर."

मी तिच्याशी धड बोलत नव्हते. ती मात्र दिनदर्शिकेसमोर उभी राहून पुन्हा पुन्हा तिसरा रविवार बघायची आणि बोटांवर तिथी मोजायची. महाशिवरात्र झाली. "आवस सरली," तिनं एका सकाळी जाहीर केलं. "आता रयवारी जायाचं."

त्या रविवारी आम्ही टांग्यानं गेलो. मावशी टांग्यात मागे, उतरायच्या बाजूला बसली आणि रस्ताभर तिनं माझं मनगट धरून ठेवलं. माझ्या धडधडीत तिच्या कांद्याचा वास येत होता. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत, अरुंद लाकडी जिन्यानं माडीवर गेलो, तर खोली माणसांनी भरलेली.

त्या खोलीत जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. मला वाटत होतं तिथे केस पिंजारलेली, हसणारी-रडणारी माणसं असतील. तर तिथे आमचं कॉलेजच बसलेलं. वाणिज्यचा एक लठ्ठ मुलगा, नाटकात काम करणारी एक ताई, वसतिगृहातले दोघं जण एकमेकांकडे पाठ करून. माझ्याच बॅचमधला एक मुलगा भिंतीवरच्या औषध कंपनीच्या दिनदर्शिकेकडे इतक्या मन लावून बघत होता की जणू तीच परीक्षेला होती. आमची नजरानजर झाली. तो घाईघाईनं म्हणाला, "मी मामांना घेऊन आलोय." मामा कुठे दिसत नव्हते. मी म्हणाले, "मी मावशीला." नाटकवाली ताई मैत्रिणीसोबत आली होती, मैत्रीण म्हणे खाली थांबली होती. त्या खोलीत पेशंट असा कुणी नव्हताच. झाडून सगळे सोबतीला आलेले. कंपाउंडर दाराशी येऊन "पेशंट कोण?" विचारायचा तेव्हा सगळे दुसऱ्याकडे बघायचे, आणि मग एक जण खाली मान घालून आत जायचा. सरांना तो पत्ता इतका पाठ कसा, ते मला तेव्हा कळलं.

माझी पाळी आली तोवर दुपार टळत आली होती. आत जायला दार नव्हतं, जाड हिरवा पडदा होता. डॉक्टर थकलेले दिसत होते. त्यांनी मला बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही. पिपेट, बस, विहीर, सगळं सांगितलं. विहिरीचं सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता हे दचकतील म्हणून. ते दचकले नाहीत. नुसतं विचारलं, "पण उडी मारायची इच्छा नाही ना?" मी म्हटलं, "नाही, भीती आहे." "बरोबर," ते म्हणाले, "दोन्ही वेगळं असतं."

मग म्हणाले, "याला नाव आहे. अँग्झायटी म्हणतात. हे पुष्कळांना होतं. यानं माणूस मरत नाही आणि यानं माणसाला वेड लागत नाही." मी इतके महिने जो शब्द तोंडात येऊ दिला नव्हता तो त्यांनी असा सहज उच्चारून बाजूला ठेवला, आणि मी ढसाढसा रडले. त्यांनी रडू दिलं. छोट्या गोळ्या लिहून दिल्या, झटका आला तर पळायचं नाही, आहे तिथे थांबून श्वास सावकाश सोडायचा हे करून दाखवलं. "आधी यायला हवं होतंस," म्हणाले. मी अमावस्येचं काही बोलले नाही. शेवटी त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

बाहेर आले तर मावशी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, कठडा धरून उभी. खोलीत तिच्यानं बसवलं नव्हतं. मी तिला सांगितलं काय काय झालं ते. ती ऐकत होती, पण माझ्या तोंडाकडे बघत नव्हती.

"आन् त्ये सांगितलंस का," ती म्हणाली, "बोटास्नी मुंग्या येत्यात, मंग व्हटाभवती बी येत्यात?"

"सांगितलं."

"आन् आपलंच घर परकं वाटाया लागतं? भित आपली, भांडी आपली, पर समदं दुसऱ्या कुनाचं हाय असं?"

 हे मी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. याला तर नक्कीच वेड म्हणतील, या भीतीनं एवढंच मागे ठेवलं होतं. मावशीला हे कळायला एकच वाट होती.

"मावशी, तुला कधीपासून?"

ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. "नवी नवरी व्हते. पान्याला गेल्ते अन् वाटंवरच झालं. आवस व्हती त्या दिशी. मानसं म्हनली हिला झपाटलं. देवरुश्यानं मिरच्याची धुरी दिली, लिंबाच्या फोकानं मारलं. म्हनला हिला आवस बाधती." पदराचा काठ सोडून म्हणाली, "मंग बाधायाच लागली. तुला त्या दिशी भाईर काडली आन् आवसंनं तुला बी धरली असती, तर मी काय केलं असतं गं?"

महिनाभर मी जिला अडाणी म्हणत होते ती बाई मांडवाच्या तोंडाशी का बसते, कांदा का हुंगते, उंबऱ्यात बसताना तिचे हात का आवळलेले होते, ते सगळं मला त्या जिन्यावर एकदम कळलं. मला लाज वाटली की दया आली ते सांगता येत नाही, मला नुसती घाई झाली. मी पडद्याकडे वळले. तेवढ्यात डॉक्टरच बॅग घेऊन बाहेर आले. पुण्याची गाडी गाठायची होती. कंपाउंडर म्हणाला, "संपले नंबर. आता पुढच्या महिन्याला."

"डॉक्टर, एकच मिनिट. माझ्या मावशीला..."

डॉक्टर थांबले. खरंच थांबले. मावशीकडे वळून म्हणाले, "काय होतंय बाई?"

जिन्यात माणसं होती. माझ्या बॅचचा तो मुलगाही होता. मावशीनं पदर कपाळापर्यंत ओढला. "मला कुटं काय?" ती म्हणाली. "मी हिच्या सोबतीला आलीया." आणि भराभर जिना उतरून खाली गेली.

 त्या दिवसापासून मी गोळी घेतली की ती समोर येऊन बसायची. "आता कसं वाटतंय? धडधड हाय का? जीभ जड पडती का?" मला वाटायचं, विचारू दे. तिनं एकदाही स्वतःचं नाव घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही. गोळ्यांनी जादू केली नाही. झटके आले, पण कमी आले, आणि आले की मी पळत नव्हते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पिपेट तोंडाला लावताच छाती धडधडली. मी जागेवर थांबले, श्वास सावकाश सोडला, खुणेपाशी बोट दाबून धरलं. हात थरथरला म्हणून एक मापन चुकलं. ते मी दुसऱ्यांदा घेतलं. मार्क फार पडणार नव्हते, पण परीक्षा दिली होती. वडिलांना तसा निरोप गेला आणि हात पिवळे करण्याची गोष्ट पुढे ढकलली गेली.

पाडवा झाला. मार्चातल्या तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी मी नंबर लावायला गेले तेव्हा दोन लावले. घरी येऊन सांगितलं. मावशी पोळपाट धूत होती. "कशापायी?" म्हणाली, आणि पोळपाट परत धुवायला घेतला. रात्रभर ती झोपली नसावी. सकाळी बघते तर इरकली लुगडं नेसून, पिशवी घेऊन, दाराशी उभी. काका टांगा आणायला गेले.

खोली तशीच भरलेली होती. सगळे तसेच सोबतीला आलेले. मी मावशीला दाराजवळची जागा मिळवून दिली. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो बर्फासारखा गार होता. दोनदा ती उठली आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आली. मी अडवलं नाही. अडवून चालणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. आत एक मुलगा बराच वेळ होता. गाडीची वेळ जवळ येत होती. मी सारखी पडद्याकडे बघत होते आणि माझीच छाती धडधडत होती.

कंपाउंडर बाहेर आला. आम्हा दोघींकडे पाहून त्यानं विचारलं, "पेशंट कोण?"

सगळी खोली नेहमीसारखी दुसरीकडे बघू लागली. मी तोंड उघडलं नाही. मावशीनं कांदा एकदा हुंगला, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि उभी राहिली.

"मी," ती म्हणाली.

ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की दिनदर्शिकेकडे बघणारेसुद्धा वळले. मग ती आत गेली आणि पडदा पडला. पडदा जाड असला तरी पडदाच होता. डॉक्टरांनी बसा म्हटलेलं ऐकू आलं, खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, "केव्हापासून होतंय हे?"

खुर्ची पुन्हा सरकल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, आता ती उठून येणार.

"भाईर माझी भाची बसलीया न्हवं," मावशी म्हणाली, "ती जल्मली बी नव्हती तवापासनं."

मी तेव्हा वीस वर्षांची होते.